अबुधाबी फक्त एका दिवसात उरकू नका: वाळवंट, खारफुटी, अल ऐन आणि लिवा कसं फिरायचं

दुबईला फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांच्या प्लॅनमध्ये अबुधाबीला बहुतेक वेळा एकच दिवस असतो, सकाळी टूरवाल्याच्या बसने निघायचं, मोठी मशीद बघायची, मग फेरारी वर्ल्ड नाहीतर मंदिर आणि रात्री जेवायला परत दुबई. मशीद बघायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण यूएईची जेवढी जमीन आहे त्यातली जवळपास ८७ टक्के एकट्या अबुधाबी अमिरातीची आहे, बाकीच्या सहा अमिराती मिळून उरलेल्या जागेत आहेत, आणि एवढ्या मोठ्या मुलखातला आपण बघतो तो फक्त हायवेच्या कडेचा शहरी तुकडा. इथे राहणाऱ्यांच्या घरी गावाकडून पाहुणे आले की तेच ते चार स्पॉट दाखवले जातात आणि मग लोक जाऊन सांगतात की आखातात बिल्डिंगा सोडून काही नाही. हे मला खरंच मनापासून खटकतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

माझा सल्ला एका ओळीत सांगायचा तर अबुधाबीत पाणी कुठे आहे ते बघत फिरा. वाळवंटात पाणी शोधायचं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण इथलं जे जे बघण्यासारखं आहे ते जवळजवळ सगळं पाण्यानेच घडवलंय. खजुराच्या बागा, समुद्रातली खारफुटी, फ्लेमिंगोंचं तळं, दगड झालेल्या वाळूच्या टेकड्या आणि तो जबल हफीत डोंगर, जो मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे. हा धागा धरला की ठिकाणं आपोआप जोडली जातात आणि नुसती फोटो काढत पळापळ होत नाही.

आधी कधी यायचं ते. नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, बस. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरमध्ये येत असेल तर उत्तम, नाताळची सुट्टी त्याहून उत्तम पण तेव्हा हॉटेल महाग असतात. अडचण अशी की आपल्याकडे मोठी सुट्टी मे महिन्यात आणि नेमका तेव्हा इथला उन्हाळा सुरू झालेला असतो, जून ते ऑगस्ट पारा ४५ च्या वर सहज जातो आणि किनाऱ्यावर दमटपणा इतका की चष्म्याची काच बाहेर पडल्या पडल्या धुरकट होते. तरी मे-जूनमध्येच येणं भाग असेल तर बाहेरची ठिकाणं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच ठेवा, मधला वेळ म्युझियम, किल्ल्याच्या आतल्या खोल्या, झोप. लिवाच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या वाळवंटाच्या वाळूत उन्हाळ्यात जाऊ नका, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर अजिबातच नाही. रमजानमध्ये येत असाल तर सगळीकडच्या वेळा बदललेल्या असतात, आणि दिवसा उघड्यावर खाणंपिणं टाळलेलं बरं, भोवतालची माणसं उपाशी असतात एवढं भान ठेवलं की पुरे.

हिवाळ्यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे धुकं. डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे वाळवंटातल्या रस्त्यांवर इतकं दाट धुकं पडतं की पुढची गाडी दिसत नाही, आणि तसं झालं की अबुधाबी पोलीस रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर वेगमर्यादा ताशी ८० वर आणतात. ती पाळायची. सूर्योदय गाठायचा म्हणून पहाटे चारला धुक्यातून गाडी दामटणं हा मूर्खपणा आहे, त्यापेक्षा आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा.

गाडी, बस, लायसन्स

शहराबाहेरचं बघायचं असेल तर स्वतःची गाडी हवी हे खरं आहे. भारतातलं लायसन्स असलेल्या टुरिस्टला भाड्याची गाडी घ्यायला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते निघण्याआधी आपल्याच आरटीओतून काढून आणा, इथे आल्यावर त्यावर काही उपाय होत नाही. गाडी उजव्या बाजूने चालते, स्टिअरिंग डावीकडे, पहिले काही तास राउंडअबाउटला गोंधळ होतो तेव्हा सुरुवात शहरातल्या गर्दीच्या वेळी करू नका. आणि हे नीट वाचा: दुबईत पाटीवरच्या वेगापेक्षा ताशी २० किमी जास्त गेलं तरी कॅमेरा पकडत नाही, अबुधाबीत ती सवलत नाही. पाटीवर १४० लिहिलंय म्हणजे १४०. दुबईहून येणाऱ्या कितीतरी जणांना दंडाचा मेसेज याच कारणाने येतो. टोलही दोन वेगळे आहेत, दुबईत सालिक आणि अबुधाबीत दर्ब, गाडी घेतानाच विचारून घ्या की दर्बचे पैसे कसे लागणार आहेत. रात्री वाळवंटातल्या रस्त्यावर उंट येऊ शकतात, मोठ्या रस्त्यांना कुंपण आहे पण आतल्या रस्त्यांना सगळीकडे नाही.

गाडी नसेल तर निराश व्हायचं कारण नाही. दुबईच्या अल गुबैबा स्टँडवरून ई १०० बस अबुधाबीला आणि ई २०१ बस अल ऐनला जाते, भाडं २५ दिरहमच्या आसपास, नोल कार्ड (दुबईचं बस-मेट्रोचं कार्ड) चालतं. अल ऐनमध्ये उतरून टॅक्सीने फिरलं तरी जमतं कारण तिथे अंतरं कमी आहेत. लिवा मात्र बसने करण्यात मजा नाही, तिकडे चार-पाच जण मिळून गाडी करा. आणि सोमवार शहरासाठी ठेवू नका, लूव्र म्युझियम आणि बीएपीएस (स्वामीनारायण) मंदिर दोन्ही सोमवारी बंद असतात, तो दिवस वाळवंटाला द्या.

शहरात: मशिदीच्या आधी खारफुटी

शहरातला दिवस सकाळी खारफुटीतून सुरू करा. जुबैल बेटावर जुबैल मॅनग्रोव्ह पार्क आहे, २०२० मध्ये उघडलं, खारफुटीतून वळणं घेत जाणारा लाकडी बोर्डवॉक आहे, आजी-आजोबांना, बाबागाडीला, व्हीलचेअरला सगळ्यांना जमेल असा. तिकीट आहे पण फार नाही. इथे सगळी एकाच जातीची झाडं आहेत आणि कोकणातल्या लोकांनी ती लगेच ओळखावीत, कारण ही आपली तिवर. आपल्या खाड्यांमध्ये कांदळ, चिप्पी, सोनचिप्पी अशी कितीतरी भावंडं तिच्या शेजारी असतात, इथे मात्र पाणी इतकं खारट आणि उन्हाळा इतका कडक की एकटी तिवरच टिकलीय. पान उलटं करून बघा, खालच्या बाजूला मिठाचे कण दिसतात, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. आणि चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या मुळ्या दिसतील त्या श्वास घेण्यासाठी, कारण त्या चिखलात ऑक्सिजन नसतो.

आता इथलं मुख्य कसब म्हणजे भरती-ओहोटी बघून जाणं. नेटवर अबुधाबीचं भरतीचं टाइमटेबल मिळतं. खेकडे, मुळ्या, चिखलातले बगळे बघायचे असतील तर ओहोटी, कयाक चालवायची असेल तर भरती. कयाक जुबैलला मिळते, शहरातल्या ईस्टर्न मॅनग्रोव्हलाही मिळते, पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट देतात आणि पाणी शांत असतं, भिऊ नका. फक्त ओहोटीला उथळ पाण्यात कयाक अडकते म्हणून वेळ विचारूनच बुकिंग करा. यूएईचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांच्या काळात, म्हणजे १९७० च्या दशकापासून इथे मुद्दाम खारफुटी लावली गेली, आज शहराच्या काचेच्या इमारतींच्या पायाशी जे हिरवं दिसतं त्यातला बराच भाग माणसांनी चिखलात उभं राहून लावलेला आहे. आपल्याकडे भराव टाकून खारफुटी गाडताना बघितलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

दुपारी लूव्र. २०१७ मध्ये उघडलेलं हे म्युझियम जाँ नुवेल या फ्रेंच आर्किटेक्टने केलंय, १८० मीटर व्यासाचा घुमट आहे आणि त्याच्या जाळीतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी खाली पडतं. आतली कला बघायला दोन तास द्या, घुमटाखाली पाण्याच्या कडेला बसायला अर्धा तास वेगळा द्या.

मग संध्याकाळी शेख झायेद ग्रँड मशीद. प्रवेश फुकट आहे पण ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आदल्या दिवशीच करून ठेवा. कपडे अंग झाकणारे, बायकांना डोकं झाकायला ओढणी लागते, घरूनच एक हलकी सुती ओढणी आणा, लेगिंग्ज किंवा घट्ट कपडे असतील तर अडवतात. पुरुषांनी शॉर्ट्स घालून येऊ नये. सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधी पोचलात तर पांढरा संगमरवर उन्हात, मग संधिप्रकाशात आणि मग दिव्यांत असा तिन्ही वेळा दिसतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आसपास पर्यटकांना आत सोडत नाहीत. मुख्य दालनातला गालिचा सव्वापाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठा आहे आणि इराणी विणकर बायकांनी हाताने विणलेला आहे, तिथे उगाच घाईने पुढे सरकू नका.

बीएपीएस मंदिर अबू मुरैखाला आहे, दुबई-अबुधाबीच्या वाटेवर, तेव्हा येता-जाता करता येतं. १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं, सात अमिरातींची सात शिखरं, राजस्थानचा गुलाबी दगड. शनिवार-रविवारी फार गर्दी, मधल्या वारी जा.

अल वथबा: दगड झालेली वाळू आणि सांडपाण्यातलं तळं

हे ठिकाण टूरवाल्यांच्या यादीत सहसा नसतं आणि मला विचाराल तर अर्ध्या दिवसात बघण्यासारखं यापेक्षा चांगलं दुसरं काही जवळपास नाही. शहरापासून पाऊण तासाच्या आत पोचता.

आधी फॉसिल ड्यून्स. या जुन्या वाळूच्या टेकड्या. जमिनीतल्या ओलाव्यात विरघळलेला चुना वाळूच्या कणांच्या मध्ये साचला, कण एकमेकांना चिकटले आणि वाळूचा दगड झाला, मग सैल वाळू वाऱ्याने उडून गेली आणि घट्ट भाग कोरला जाऊन उभा राहिला. जवळ जाऊन बघितलं की दगडात तिरप्या रेषा दिसतात, त्या एकेकाळी वारा कुठून वाहत होता ते सांगतात. २०२२ मध्ये इथे व्यवस्थित पायवाट करून लोकांसाठी खुलं केलं, प्रवेश फुकट. दुपारी जाऊ नका, सपाट उजेडात काहीच उठून दिसत नाही, चारनंतर सावल्या लांब झाल्या की तेच दगड एकदम जिवंत होतात. दगडावर चढायचं नाही, नावं कोरायची नाहीत. ते कितीही टणक दिसले तरी हाताच्या घासण्यानेही झिजतात आणि पुन्हा तयार होणार नाहीत.

दुसरं अल वथबा वेटलँड रिझर्व्ह. याची गोष्ट मला फार आवडते. मफ्रकच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून शुद्ध केलेलं जास्तीचं पाणी इकडच्या सखल भागात सोडलं गेलं, तिथे तळी साचली, त्यात खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी वाढली आणि ती खायला फ्लेमिंगो आले. १९९८ मध्ये त्यांनी इथे अंडी घालून पिल्लं वाढवली आणि त्याच वर्षी शेख झायेद यांनी जागा राखीव केली. २०१३ पासून ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आहे. अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदलेले आहेत. ठाणे खाडीत आपण बघतो ते बहुतेक छोटे रोहित, लेसर फ्लेमिंगो, इथे असतात ते मोठे, ग्रेटर. रिझर्व्ह फक्त थंडीच्या सीझनमध्ये आणि आठवड्यातल्या ठराविक दिवशीच उघडं असतं, म्हणून निघण्याआधी वेळ बघाच. दुर्बीण आणा. पक्षी-निरीक्षणाच्या आडोशात मोठ्याने बोलू नका, व्हिडिओ कॉल करून घरच्यांना दाखवू नका, पक्षी लांब सरकतात आणि मागून आलेल्यांना काहीच मिळत नाही. भडक रंगाचे कपडेही नकोत. लहान मुलांना आधीच सांगून ठेवलं तर ती मोठ्यांपेक्षा छान शांत बसतात.

अल ऐन: किमान एक रात्र

अल ऐन हे अबुधाबी अमिरातीचं दुसरं मोठं शहर, ओमानच्या सीमेला चिकटून, पलीकडे ओमानचं बुरैमी. अबुधाबीपासून साधारण १६० किमी, दुबईपासून दीडेक तास. उंच इमारती नाहीत, हवा किनाऱ्यापेक्षा कोरडी, राउंडअबाउटवर बागा. २०११ मध्ये इथल्या जुन्या जागांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला आणि यूएईतली ती पहिलीच. सीमेजवळ मोबाइल कधी कधी ओमानचं नेटवर्क पकडतो, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क हाताने निवडा, नाहीतर रोमिंगचं बिल येतं.

पहिलं ठिकाण अल ऐन ओअॅसिस, आणि इथे घाई करू नका हे मी हात जोडून सांगते. शहराच्या मधोमध साधारण १,२०० हेक्टरची खजुराची बाग, एक लाख ४७ हजारांच्या आसपास झाडं, शंभर जातींपर्यंत. प्रवेश फुकट. मातीच्या भिंतींमधून सावलीच्या गल्ल्या जातात, बाहेर आणि आत तापमानातला फरक अंगाला कळतो. खजुरांच्या खाली आंबा, लिंबू, केळी, अंजीर, त्याखाली चारा, असं तीन मजल्यांचं शेत असतं. वरच्या झाडाची सावली नसती तर खालचं काही जगलंच नसतं.

गल्लीच्या कडेने जे अरुंद पाट दिसतील ते फलज. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचं पाणी गाठायचं आणि अगदी हलका उतार देत बोगद्यातून किलोमीटरच्या किलोमीटर आणायचं, पंप नाही, बैल नाही, फक्त उतार. अल ऐनच्या परिसरातला हिलीजवळचा फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. ज्यांनी औरंगाबादची नहर-ए-अंबरी बघितलीय त्यांना हे लगेच समजेल, मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी शहरात आणलं ते याच घराण्यातल्या तंत्राने. बागेत पाणी वाटण्याची पाळी ठरलेली असते, कुणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी हे एक जाणकार माणूस बघायचा, पूर्वी वेळ मोजायला दिवसा सावली आणि रात्री तारे. आता जमिनीतलं पाणी इतकं खोल गेलंय की फलजांमध्ये पंपाने पाणी सोडावं लागतं, व्यवस्था जुनी राहिली, झरा आटला. हे तिथल्या माहिती केंद्रात नीट समजावून सांगितलंय, आधी तिथे जा, मग बागेत.

बाग खासगी मालकांची आहे, वाफ्यात उतरायचं नाही, फळ तोडायचं नाही. खजूर पिकतो जून ते ऑगस्ट, हिवाळ्यात फळ दिसणार नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर माणसं झाडावर चढून नर फुलांचे तुरे मादी झाडाला बांधताना दिसू शकतात, ते बघण्यासारखं असतं. चालायचं नसेल तर सायकल भाड्याने मिळते.

बागेतून निघून अल जाहिली किल्ला. १८९१ मध्ये पहिल्या शेख झायेद यांनी (ज्यांच्या नावाची मशीद आहे त्यांच्या आजोबांनी) बांधायला घेतला, मातीचा, एकावर एक थरांचा गोल बुरुज आहे त्याचा फोटो सगळीकडे दिसतो. आत विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन आहे, १९४० च्या दशकात तो इथल्या बेदूंबरोबर, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांबरोबर, उंटावरून रुब अल खाली हे प्रचंड वाळवंट पार करून गेला होता. तेल निघण्याच्या आधीची ही माणसं, त्यांचे पाय, त्यांच्या पखाली, हे बघितल्यावर बाहेरचा सहा पदरी रस्ता वेगळाच दिसायला लागतो. (अबुधाबीचं तेल बाहेर जायला १९६२ मध्ये सुरुवात झाली, म्हणजे हे सगळं आपल्या आजी-आजोबांच्या हयातीतलं आहे.) वेळ असेल तर शेख झायेद १९६६ पर्यंत जिथे राहत होते तो अल ऐन पॅलेसही बघा.

हिली आर्किऑलॉजिकल पार्कमध्ये चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं गोल दगडी थडगं आहे, दरवाजावर दोन माणसं आणि ऑरिक्स हरणं कोरलीत. उंट बाजारात जायचं तर सकाळी जा, आणि कुणी गाइड बनून फिरवायला लागला, उंटाबरोबर फोटो काढून द्यायला लागला तर पैसे आधी बोलून घ्या.

संध्याकाळ जबल हफीतसाठी. साधारण १,२०० मीटर उंच, वर जाणारा रस्ता जवळपास १२ किमी आणि ६० वळणं, रस्ता इतका छान की सायकलवाले जगभरातून येतात, त्यांना जागा देऊन चालवा. या चुनखडकात समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, म्हणजे एकेकाळचा समुद्रतळ घडी पडून वर उचलला गेलाय. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा, मध्ये थांबायला जागा आहेत, वर पार्किंग आहे. उतरताना गिअर खालचा ठेवा, नुसता ब्रेक दाबत येऊ नका. पायथ्याला ग्रीन मुबझराला गरम पाण्याचे झरे आहेत, पाटात पाय सोडून बसायला पैसे लागत नाहीत, गुडघेदुखीवाल्या पाहुण्यांना इथून उठवणं अवघड जातं. डोंगराच्या पूर्व बाजूला जबल हफीत डेझर्ट पार्कमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत, १९५९ मध्ये डॅनिश संशोधकांनी ती उकरायला सुरुवात केली, तिथे तंबूत मुक्कामाचीही सोय आहे.

लिवा: खरं वाळवंट

दुबईची डेझर्ट सफारी केली म्हणजे वाळवंट झालं असं समजू नका. लिवा म्हणजे रुब अल खालीची कड, साडेसहा लाख चौरस किमीचा वाळूचा प्रदेश इथून सुरू होऊन सौदी, ओमान, येमेनपर्यंत जातो. अबुधाबीपासून गाडीने अडीच तास, मदिनत झायेदवरून. शंभरेक किमीच्या कमानीत वस्त्या आणि खजुराच्या बागा आहेत, कारण टेकड्यांच्या खाली गोडं पाणी आहे. अबुधाबीचं राजघराणं मूळचं इथलंच, अठराव्या शतकाच्या शेवटी ते किनाऱ्यावरच्या बेटावर गेले. त्याकाळी पुरुष उन्हाळ्यात मोत्यांसाठी बुड्या मारायला समुद्रावर जायचे आणि मागे बागा सांभाळल्या जायच्या.

मझैरा हे मुख्य गाव, पेट्रोल इथे फुल करा, पाणी माणशी किमान चार-पाच लिटर भरून घ्या. तिथून तल मोरीबला डांबरी रस्ता जातो, साध्या सेडानने पोचता येतं, आणि खरं सांगायचं तर लिवातलं सगळ्यात सुंदर म्हणजे हा पंचवीसेक किमीचा वर-खाली जाणारा रस्ताच. मोरीब ही जवळपास ३०० मीटर उंच, ५० अंशांचा उतार असलेली वाळूची टेकडी, हिवाळ्यात लिवा फेस्टिव्हलला गाड्या तिच्यावर चढायची शर्यत लावतात, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. पायी चढायचं असेल तर समोरून न जाता बाजूच्या धारेने जा, धारेवर वाळू घट्ट असते. अनवाणी सकाळी ठीक, दहानंतर वाळू भाजते.

वाळूत गाडी घालायची असेल तर ड्रायव्हर अनुभवी हवा, गाड्या दोन हव्यात, चाकातली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवायची आणि रस्त्यावर परत आल्यावर लगेच भरायची, म्हणून कॉम्प्रेसर बरोबर हवा. भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स ऑफ-रोडला बहुधा लागू नसतो, कागद वाचा. सपाट, पांढुरकी जमीन दिसली की ती सबखा असू शकते, म्हणजे मिठाचं मैदान, वरचा थर तापवलेल्या दुधाच्या सायीसारखा आणि खाली चिखल, गाडी एक्सलपर्यंत रुतते. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, लोकेशन पाठवा आणि गाडीच्या सावलीत थांबा. पोलीस ९९९, अॅम्ब्युलन्स ९९८.

मुक्काम केलात तर अमावास्येच्या आसपास करा, आकाशगंगा नुसत्या डोळ्याने दिसते. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात. शेकोटीला लाकूड विकत घेऊन जा, गाफच्या फांद्या तोडायच्या नाहीत, ते इथलं राष्ट्रीय झाड आहे, तोडणं गुन्हा आहे आणि आपल्यासाठी तर ती शमी, दसऱ्याला पूजतो तीच. आणि प्लास्टिक, एकही पिशवी मागे राहू देऊ नका. उंट ती खातात, पोटात गोळा होतो आणि हाल होऊन मरतात. स्वतःचा कचरा तर उचलाच, शक्य असेल तर शेजारचाही उचला.

ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आणि जरा जास्त बजेट आहे त्यांनी पश्चिमेला सर बनी यास बेट करावं. ८७ चौरस किमी, १९७० च्या दशकात राखीव केलेलं, मोकळे फिरणारे अरबी ऑरिक्स आणि १९९२ मध्ये सापडलेले एका जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष. हॉटेल-बोट-सफारी एकत्र बुक करावं लागतं.

शेवटी दोन-तीन किरकोळ गोष्टी. लोकांचे, विशेषतः बायकांचे फोटो न विचारता काढू नका, लष्करी आणि सरकारी इमारतींचे अजिबात नाही, ड्रोन परवानगीशिवाय आणू नका. दारू पिऊन गाडी चालवण्याला इथे थोडीशीही माफी नाही. आणि खजूर एअरपोर्टवरून घेऊ नका, अल ऐनच्या बाजारात वजनावर मिळतो, दुकानदार चाखायला देतो, खलास जात मागा, ती मऊ आणि कमी चिकट असते, लिवाकडे गेलात तर दब्बास घ्या, लहान असतो पण चव वेगळी. भारतात न्यायचा तर डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा.